तीन उशीर आणि पाच पायऱ्या

घरात कुणी आजारी पडले की आपण म्हणतो, "बघू या, उद्यापर्यंत उतरेल." पुष्कळदा ते उतरतेही. पडसे, अंगदुखी, थोडी कणकण, यांना उद्याची वाट पाहता येते. पण काही दुखणी अशी असतात, की ती उद्याची वाट पाहत नाहीत. बाळंतिणीच्या अंगावरून एकसारखे रक्त जाऊ लागले, तर ती दोन तासांतही दगावू शकते. विषारी साप चावला, तर रात्र काढून चालत नाही. तान्हे बाळ दूध ओढेनासे झाले आणि त्याचे अंग थंड पडू लागले, तर एकेक तास मोलाचा असतो.

या तिन्हींवर उपाय आहेत बरं का! रक्त थांबवणारे इंजेक्शन आहे. सापाच्या विषावर उतारा आहे. तान्ह्या बाळाला ऊब देण्याची, औषध देण्याची सोय आहे. मग माणसे दगावतात ती का? कारण औषध एकीकडे राहते आणि रोगी दुसरीकडे. दोघांची गाठ वेळेवर पडत नाही.

ही गाठ वेळेवर घालून द्यायची, एवढ्यासाठीच सरकारचे आरोग्य धोरण असते. धोरण हा शब्द ऐकला की वाटते, हे मुंबईच्या मंत्रालयातले काम, आपला त्याच्याशी काय संबंध? पण संबंध आहे. महाराष्ट्रात ही व्यवस्था कशी लावलेली आहे, ती कुठे अडते आणि आपण काय करायचे, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

उशीर कुठे होतो?

समजा, एका वाडीतली सून घरीच बाळंत झाली. रात्रीचे नऊ वाजले आहेत. बाळ रडले, सगळ्यांना आनंद झाला. पण बाळंतिणीचे रक्त थांबेना. सासूबाई म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे, एवढे जायचेच." नवरा ऊसतोडीवर गेलेला. सासऱ्यांना विचारल्याशिवाय निघायचे कसे? यात तास गेला. हा पहिला उशीर. तो घरात झाला.

मग ठरले, न्यायचे. पण गाडी कुठली? एकाचा टेंपो बाहेरगावी, दुसऱ्याची जीप बंद. रस्ता ओढ्यातला. यात दुसरा तास गेला. हा दुसरा उशीर. तो वाटेत झाला.

शेवटी दवाखाना आला. दाराला कडी. डॉक्टर तालुक्याला गेलेले. नर्सबाई आहेत, पण औषध संपलेले. "पुढे न्या," असे सांगितले गेले. हा तिसरा उशीर. तो दवाखान्याच्या दारात झाला.

थॅडियस आणि मेन या दोन संशोधक बायांनी १९९४ साली हे तीन उशीर जगापुढे मांडले. तेव्हापासून बाळंतिणींच्या मृत्यूचा विचार करताना आरोग्य खात्यातली माणसे हाच हिशेब घालतात. एखादी आई दगावली, तर नुसता रोग विचारून भागत नाही. उशीर कुठे झाला, हे विचारावे लागते. कारण प्रत्येक उशिरावर इलाज वेगळा. घरातल्या उशिराला माहिती हवी. वाटेतल्या उशिराला गाडी आणि रस्ता हवा. दारातल्या उशिराला डॉक्टर आणि औषध हवे.

ही व्यवस्था आली कुठून?

इंग्रजांच्या काळात दवाखाने होते, पण ते बहुतेक शहरांत. खेड्यातल्या माणसाला वैदू, सुईण आणि देवाचा अंगारा, एवढाच आधार. १९४३ साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. ते मूळचे नाशिकचे. त्यांचे शिक्षण पुण्यात झाले. या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. तिने दोन मोठ्या गोष्टी सांगितल्या. एक, पैसे नाहीत म्हणून कुणालाही उपचारावाचून ठेवू नये. दुसरी, दवाखाना लोकांच्या जवळ जावा. आरंभी ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे तिने सुचवले.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली. तिच्या जोडीने खेड्यापाड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. आपल्या राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा विषय राज्यांकडे दिला आहे. म्हणून दवाखाना कुठे काढायचा, माणसे किती नेमायची, ही मुख्य जबाबदारी राज्य सरकारची. केंद्र सरकार त्याला पैशाची जोड देते. २००५ साली केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य मोहीम सुरू केली. तीच पुढे राष्ट्रीय आरोग्य मोहीम झाली. तिच्या खर्चात १०० रुपयांपैकी ६० रुपये केंद्राचे आणि ४० रुपये महाराष्ट्राचे, अशी वाटणी आहे.

पाच पायऱ्या

सरकारी आरोग्य व्यवस्था एखाद्या जिन्यासारखी आहे. खालच्या पायरीवर साधी दुखणी बरी व्हावीत, अवघड दुखणी वरच्या पायरीवर जावीत, असा हा बेत आहे. सगळेच रोगी जिल्ह्याच्या गावी गेले, तर तिथे रांगा लागतील. आणि खरोखर जीव धोक्यात आहे, तोही त्याच रांगेत अडकेल.

पहिली पायरी म्हणजे आपल्या गावची आशाताई. साधारण १,००० वस्तीमागे एक आशा. ती गावातलीच बाई असते. गरोदर बाईची नोंद करणे, लसीकरणाला मुले आणणे, बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जाणे, ही तिची कामे. दवाखान्यात बाळंतपण झाले, तर बाळ घरी आल्यावर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बाळाचे वजन घेते, ताप पाहते, ते दूध कसे ओढते ते पाहते. या कामाचे मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत साध्या गावकरी बायांना तान्ह्या बाळांची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे सगळ्या जगासमोर आले आणि २०११ पासून हे काम देशभरच्या आशांकडे आले.

दुसरी पायरी उपकेंद्र. सपाट मुलखात ५,००० लोकांमागे एक, आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक, असे ठरलेले आहे. इथे आरोग्यसेविका म्हणजे आपली नर्सबाई असते, आरोग्यसेवक असतो. २०१८ पासून पुष्कळ उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारीही नेमले जाऊ लागले. लसीकरण, गरोदरपणाची तपासणी, रक्तदाब आणि साखर तपासणे, ही कामे इथे होतात. अलीकडे अशा केंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. हे नाव २०२३ सालापासूनचे. पाटी पाहून गोंधळू नका. ते आपलेच जुने केंद्र आहे.

तिसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाट मुलखात ३०,००० लोकांमागे आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक. इथे एमबीबीएस डॉक्टर असावा, सहा खाटा असाव्यात आणि साप-विंचवाच्या विषावरची औषधे असावीत, असा नियम आहे. साधे बाळंतपण इथे व्हायला हवे. महाराष्ट्रात १०,००० हून अधिक उपकेंद्रे आणि १,८०० हून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत.

चौथी पायरी ग्रामीण रुग्णालय. इथे ३० खाटा असतात. काही तालुक्यांत त्याहून मोठे उपजिल्हा रुग्णालय असते. तिथे ५० किंवा १०० खाटा असतात.

पाचवी पायरी जिल्हा रुग्णालय. त्याला आपण 'सिव्हिल' म्हणतो. मोठी शस्त्रक्रिया, रक्तपेढी, निरनिराळ्या रोगांचे तज्ज्ञ डॉक्टर, हे तिथे मिळावे. त्याच्याही पलीकडे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. ती वैद्यकीय शिक्षण खात्याकडे असतात.

कारभार कुणाचा?

ही गोष्ट नीट समजून घ्या. कारण तक्रार घेऊन माणूस चुकीच्या दारी जातो आणि हात हलवत परत येतो.

महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. तेव्हापासून उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचा कारभार जिल्हा परिषदेकडे आहे. त्यावर तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी देखरेख करतात. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि बहुतेक जिल्हा रुग्णालये मात्र थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. त्यांचे जिल्ह्यातले प्रमुख म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे सिव्हिल सर्जन. शहरांत महानगरपालिका आणि नगरपालिका यांचे दवाखाने वेगळे असतात.

तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राला डॉक्टर नसेल, तर आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्याला विचारा. आपल्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्यालाही विचारा. तो मत मागायला आपल्या दारी येतोच. ग्रामीण रुग्णालयात अडचण असेल, तर तिथल्या वैद्यकीय अधीक्षकाला आणि त्यावर सिव्हिल सर्जनला विचारा.

पैशाच्या भीतीने उशीर करू नका

घरातल्या उशिराचे एक मोठे कारण पैसा. "नेले तर किती लागतील?" या विचारात रात्र जाते. म्हणून इथे धोरण काय आहे, ते पाहू.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. केसपेपरचेही पैसे नाहीत. बाळंतपणासाठी तर २०११ पासून वेगळी योजना आहे. तिचे नाव जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम. तिच्यात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, आईचे जेवण आणि घरून दवाखान्यात व दवाखान्यातून घरी जायची गाडी, हे सगळे मोफत आहे. बाळ आजारी पडले, तर त्याचे उपचारही मोफत आहेत.

मोठ्या दुखण्यांसाठी २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली. २०१३ साली ती साऱ्या राज्यात आली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे. ठरलेल्या रोगांवर, यादीतल्या रुग्णालयांत, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा खर्च तिच्यात बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. पैसे भरण्याआधी त्याला गाठा.

कुणी म्हणेल, "हे सगळं कागदावर. दवाखान्यात गेलं की बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात देतात." होय, असे घडते. पण मोफत आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो निदान विचारू तरी शकतो. ज्याला ठाऊक नाही, तो कर्ज काढतो, नाहीतर घरीच बसतो.

वाटेतला उशीर

२०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. फोनला पैसे नाहीत आणि गाडीलाही नाहीत. अपघात, सर्पदंश, छातीत कळ, अडलेले बाळंतपण, अशा वेळी हा क्रमांक लावा. गरोदर बायका आणि तान्ही बाळे यांच्यासाठी १०२ हा क्रमांक आहे. नुसता सल्ला हवा असेल, तर १०४.

फोन करताना गावाचे, तालुक्याचे नाव आणि जवळची खूण सांगा. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, काहीही. एका नावाची चार गावे असतात. खूण सांगितली नाही, तर गाडी दुसऱ्याच गावी जाते.

पण जिथे ओढा भरला की रस्ताच बंद होतो, तिथे गाडी काय करणार? मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार अशा आदिवासी भागांत यासाठी काही आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' आहे. दिवस भरत आले की बाईने काही दिवस आधीच तिथे येऊन राहायचे. तिच्या राहण्या-जेवणाची सोय तिथे होते. वाटेतला उशीर टाळण्याचा हा साधा, शहाणा उपाय आहे.

दारातला उशीर

आता सर्वांत अवघड उशीर. हा उशीर आपल्याला घरी बसून टाळता येत नाही. तो सरकारनेच टाळायचा.

सिझरचे उदाहरण घ्या. त्याला काय काय लागते? शस्त्रक्रिया करणारा स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो. भूल देणारा डॉक्टर लागतो. बाळाला पाहणारा डॉक्टर लागतो. शिवाय रक्ताची पिशवी लागते. यांतला भूल देणारा डॉक्टर नसला, तर बाकीचे सारे असूनही खोलीला कुलूप. इमारत नवी, यंत्रे नवी, पण बाळंतिणीला पन्नास किलोमीटर पुढे जावे लागते. महाराष्ट्रात डॉक्टर आणि नर्स यांच्या पुष्कळ जागा रिकाम्या असतात. सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनीही आपल्या अहवालात यावर बोट ठेवले. तो अहवाल २०२४ साली विधिमंडळापुढे आला.

पैशाचेही तसेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटले होते, की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकातल्या १०० रुपयांमागे ८ रुपयांहून अधिक आरोग्यावर खर्च करावेत. महाराष्ट्र त्या मापापर्यंत पोचला नाही. आशाताईला तर पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला आहे. तो वाढावा म्हणून २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशांना संप करावा लागला.

जागेवर मन लावून काम करणारा डॉक्टर असला, तर लहान केंद्रही केवढे काम करते, त्याचे उदाहरण कोकणात आहे. आजच्या रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडी येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. १९७६ साली तिथे डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. त्या भागात लाल विंचू फार. तो चावला की धडधाकट माणसे, मुले डोळ्यांदेखत जात. डॉक्टर रोग्यांच्या उशाशी बसून राहिले, नोंदी ठेवत गेले. पुढे त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या विंचवाच्या विषबाधेत उपयोगी पडते, हे दाखवून दिले. त्यामुळे असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या खेड्यातल्या केंद्रावर जायला डॉक्टर नाखूष असतात, तशाच केंद्रात हे काम सुरू झाले.

तेव्हा सरकारी दवाखाना म्हणजे कुचकामी, असे एकदम म्हणून टाकू नका. २००१ ते २००३ या काळात महाराष्ट्रात १ लाख बाळंतपणांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ३३ वर आला. २००५-०६ साली १०० पैकी ६५ बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत ती ९५ च्या घरात गेली. म्हणजे या पायऱ्या चढून लाखो बाया सुखरूप घरी आल्या. ज्या ३३ आल्या नाहीत, त्यांच्या घरी मात्र हा आकडा लहान नाही.

गावाने काय करावे?

२००५ च्या मोहिमेने गावोगाव एक समिती सांगितली. तिचे नाव लांबलचक आहे: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. गावातच खर्च करायला तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत निधी ठरवला गेला. आपल्या गावात ही समिती आहे का? तिच्यावर कोण कोण आहे? पैसे आले का, आणि कशावर गेले? ग्रामसभेत उठून विचारा. २००७ पासून राज्यातल्या काही जिल्ह्यांत गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याला गुण दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचून दाखवले. जिथे लोक विचारू लागले, तिथे बंद दारे उघडली, असा अनुभव आला.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का? सापाच्या विषावरचे औषध आज शिल्लक आहे का? गाडी चालू आहे का? उत्तर नाही असे आले, तर ते लिहून घ्या. खाली पाच-दहा जणांच्या सह्या करा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आता तुम्हाला लिहिता येते. ही विद्या अशाच कामी लावायची.

आणि घरी? घरात गरोदर बाई असेल, तर सातव्या महिन्यातच सगळ्यांनी बसून ठरवा. बाळंतपण कोणत्या दवाखान्यात करायचे? गाडी कुणाची? घरधनी बाहेर असला, तर न्यायचे कुणी ठरवायचे? आमचे सांगणे असे, की हा अधिकार सासूबाईंना द्या, नाहीतर खुद्द त्या बाईलाच द्या. कुणाची वाट पाहायची नाही, असे आधीच बोलून ठेवा. साप चावला, तर जखम कापू नका, घट्ट आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला हलू न देता उचलून दवाखान्यात न्या.

एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवले, तर चिठ्ठी मागून घ्या. काय झाले, कोणते औषध दिले, किती वाजता दिले, हे तिच्यावर लिहिलेले असावे. पुढच्या डॉक्टरचा वेळ वाचतो. पुढे फोन करून कळवायलाही सांगा. म्हणजे रोगी पोचण्याआधी तिथे तयारी होते.

घरातला उशीर आपण टाळायचा. वाटेतला उशीर आपण आणि सरकारने मिळून टाळायचा. दारातला उशीर सरकारने टाळायचा, आणि तो टाळला जातो की नाही, यावर आपण लक्ष ठेवायचे. आजच एवढे करा: १०८ हा आकडा, आशाताईचा फोन आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन, असे तिन्ही एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो कागद दारामागे चिकटवा. घरातल्या लहान मुलालाही तो वाचता आला पाहिजे.